प्रौढांच्या चित्रपटांतील नावे आणि काळोखे शेवट

युरोपातील केवळ प्रौढांसाठीच्या चित्रपटांबद्दल दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. शरीर उघडे करणाऱ्या कलाकाराचे नाव झाकलेलेच बरे, ही पहिली. कथेचा शेवट भीषण केला की उघडेपणा आपोआप कला ठरतो, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत; पहिलीला तर मावळातल्या दगडानेच छेद दिला आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या भरदार जोड्या कोरल्या आहेत. एकवीरा आईच्या दर्शनाला वेहेरगावच्या पायऱ्या चढून येणाऱ्यांना त्या अगदी जवळ आहेत. त्यांतले एक मिथुन भदसम नावाच्या भिक्षूचे दान असल्याचे तिथला ब्राह्मी लेख सांगतो. घरदार सोडलेल्या माणसाला प्रणयी जोडीशी आपले नाव जोडताना संकोच वाटला नाही. दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सुतार सामी हाही तिथे नावानिशी नोंदला गेला आहे. मिथुन घडवणाऱ्या हातांचे नाव मात्र त्या दानलेखात नाही, आणि ही उणीव खरीच आहे.

इटलीत आरिस्तिदे मासाचेसी याने ‘जो दामातो’ या नावाने कित्येक प्रौढपट काढले. परदेशी वळणाचे नाव बाजारात सोयीचे पडे. टोपणनावात गैर काही नाही. एखादी कलाकार स्वतःच्या रक्षणासाठी ते घेत असेल, तर तो तिचा हक्कच आहे. पण निर्मात्याने तिचे नाव परस्पर गाळले, तर ती लूट आहे.

नुसते नाव छापले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (1972) खुनाने संपतो आणि त्या काळोखामुळे तो गंभीर कलाकृती म्हणून गाजला. नामावलीत मारिया श्नायडरचे नावही आहे. मात्र बलात्काराच्या दृश्यात लोणी वापरण्याचा तपशील 19 वर्षांच्या या मुलीला चित्रीकरणाच्या ऐन वेळी कळला. झालेला अपमान तिने 2007 मध्ये उघडपणे सांगितला, आणि दिग्दर्शक बेर्नार्दो बेर्तोलुच्ची याने तो तपशील मुद्दाम लपवल्याचे 2013 मध्ये मान्य केले. कथेतल्या मरणाने ही फसवणूक धुऊन निघत नाही. संमती नसेल, तर शोकान्त हे निव्वळ पांघरूण ठरते.

म्हणून काळोखे कथानक त्याज्य ठरते, असे नव्हे. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाची कथाही काळोखीच आहे. नवऱ्याचे घर सोडून मुंबईला आलेली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी, त्याच्यापासून लपवून, जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर विवस्त्र बसते. इथला काळोख गरिबीतून आणि लोकांच्या नजरेतून येतो. उघड्या देहाला दिलेली शिक्षा म्हणून तो वरून चिकटवलेला नाही. 2017 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवातील ‘इंडियन पॅनोरमा’ विभागातून हा चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला. पुढे सेन्सॉरने एकही काट न सुचवता ‘ए’ प्रमाणपत्र दिले आणि 2018 मध्ये तो प्रदर्शित झाला. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही येते, समोर तासन्‌तास बसलेल्या बाईचे नाव सहसा कुठेच येत नाही. अशा बायकांच्या भूमिका करणाऱ्या कल्याणी मुळे आणि छाया कदम यांची नावे मात्र चित्रपटाच्या नामावलीत आहेत.