रजिस्ट्री बाईच्या नावाची, सही कुणाच्या मर्जीची?

गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्याच्या बचत गटाची बैठक संपली, हप्त्याचे पैसे मोजून झाले, बाया उठू लागल्या. एक जण मात्र बसूनच राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. सगळ्या गेल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, मी सही नाही केली तं चालते का?"

प्रकरण असं होतं. २०२४ मध्ये तिच्या नवऱ्याने अठरा लाखांचा फ्लॅट घेतला, तो तिच्या एकटीच्या नावावर. का, तर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. अठरा हजार वाचले. आता त्याला धंद्यासाठी पैसा हवा होता, म्हणून त्याने परस्पर गिऱ्हाईक पाहिलं, इसारही घेतला. हिला फक्त निरोप: "सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात यायचं आहे, आधार कार्ड घेऊन ठेव."

मैत्रिणींनो, ही सवलत चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून ती लागू झाली. सुरुवातीला त्यात एक मेख होती: सवलत घेऊन घेतलेलं घर बाईने पंधरा वर्षं कुठल्याही पुरुषाला विकायचं नाही. मे २०२३ मध्ये ही अट काढून टाकली. बाईला मोकळीक मिळाली, असं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, आणि ते खरंही आहे. पण अटीमुळे घर सहजासहजी विकता येत नव्हतं, हेही तितकंच खरं. आता विकणं सोपं झालं आणि विकायला लावणंही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. विक्रीपत्रात खरेदीदार म्हणून तिचंच नाव आहे, त्यामुळे तिच्या सहीशिवाय ते घर विकलं जाऊ शकत नाही. तिने अधिकार दिलेला नसताना नवऱ्याने घेतलेला इसार तिच्यावर बंधनकारक नाही. "पण पैसे तर त्यांनीच भरले," ती म्हणाली. हे तर प्रत्येक घरात ऐकू येतं! बायकोच्या नावावर नवऱ्याने आपल्या उघड कमाईतून घर घेतलं तर बेनामी कायदा आड येत नाही. नवऱ्याने पैसे दिले एवढ्यावरून तो व्यवहार बेनामी ठरत नाही, असं कलकत्ता उच्च न्यायालयानेही जून २०२३ मध्ये सांगितलं आहे. खरा मालक मीच, असं नवऱ्याला म्हणायचं असेल तर ते कोर्टात सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. आणि त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने तर एका गृहिणीच्या घरकामालाच मालमत्तेतलं योगदान मानून तिला निम्मा हिस्सा दिला. निकाल दुसऱ्या राज्यांतले आहेत, तरी वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं.

मी तिला आधी एकच गोष्ट विचारली: मुखत्यारपत्रावर सही केली आहेस का? तिला आठवेना. खरेदीच्या दिवशी तिने 'दहा-बारा ठिकाणी' सह्या केल्या होत्या. खरी भीती हीच आहे. बाईच्या नावावर घर घ्यायचं आणि त्याच आठवड्यात तिच्याकडून विकण्याचे अधिकार असलेलं मुखत्यारपत्र करून घ्यायचं, म्हणजे सवलतही मिळाली आणि ताबाही सुटला नाही. असं झालं असेल तर ते मुखत्यारपत्र लेखी रद्द करता येतं. रद्द केल्याची नोंदणी करावी आणि ज्याच्या नावे दिलं त्याला नोटीस द्यावी. घर विकलं जाण्याच्या आधी. कर्जाचंही तसंच. घर तिच्या नावावर म्हणजे बँकेच्या कागदांवर कर्जदार म्हणून तीही असतेच. हप्ते थकले की नोटीस तिलाही येते.

आता दुसरी बाजू. आपल्या गोंदिया जिल्ह्यात फ्लॅट घेणारे असे किती? तिरोडा, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव कुठेही जा, माणूस आधी प्लॉट घेतो आणि दोन-चार वर्षांनी जमेल तसं बांधतो. ही एक टक्क्याची सवलत तयार घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटसाठी नाही. शिवाय खरेदीत बाईच हवी, नवरा-बायको दोघांचं नाव लावलं तरी सवलत नाही. म्हणजे छोट्या गावातल्या बाईला या योजनेतून फारसं काही मिळतच नाही, आणि दोघांचं नाव लावणाऱ्या शहाण्या जोडप्यालाही नाही! याच सरकारने २००३ मध्ये 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावण्याची मोहीम काढली होती. ती नोंद मागायला पैसे लागत नाहीत. तुमच्या गावात अजून झाली नसेल तर ग्रामसेवकाकडे अर्ज द्या.

प्लॉट घेताना मात्र बाईने स्वतः जाऊन कागद बघावेत. जमीन अकृषक झाली आहे का, लेआऊट मंजूर आहे का, सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर विकणाऱ्याचंच नाव आहे का, नझूलची जागा असेल तर पट्टा कुठवर आहे. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बिगर आदिवासीला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही, मग दलाल काहीही सांगो. आणि स्टॅम्प पेपरवर नोटरी करून "प्लॉट तुमचा झाला" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इसाराच्या आणि मुखत्यारपत्राच्या कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलं आहे. रजिस्ट्री झाल्यावर पटवाऱ्याकडे फेरफार होईपर्यंत पाठपुरावा करायचा. तिथेच पुष्कळ नावं अडकतात.

किरायाचं थोडक्यात. गोंदियाला मेडिकल कॉलेज झालं, तिरोड्याला वीज प्रकल्प आला, तशा कितीतरी एकट्या बाया दोन खोल्या किरायाने देऊन घर चालवतात. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरते," हे ज्याच्या त्याच्या तोंडी. नाही पुरत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबद्दल किरायदार म्हणेल ते खरं धरलं जातं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. महिना तीन हजार किराया धरला तर अकरा महिन्यांचे तेहतीस हजार, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे शंभर रुपयेही नाहीत. नोंदणी फी तेवढी वेगळी. कागद पक्का असेल तर मुदत संपल्यावर खोली सोडत नसलेल्या माणसाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून काढता येतं. घर तुमच्या नावावर असेल तर करारही तुमच्याच नावाने करा आणि किराया तुमच्या खात्यात घ्या.

त्या बाईला मी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेले. तिथे बायांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. वकीलबाईंनी पिशवीतले सगळे कागद काढून एकेक वाचला. मुखत्यारपत्र निघालं नाही. सोमवारी ती रजिस्ट्री ऑफिसात गेली नाही. घरी चार दिवस अबोला झाला, सासूने माहेरचा उद्धार केला. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "बरं, तुला काय पाहिजे ते तरी सांग."

तिने सांगितलं: घर विकायचं तर सगळी रक्कम आधी माझ्या खात्यात, आणि त्यातून निदान एक प्लॉट दोघांच्या नावाने. गिऱ्हाईक अजून थांबलं आहे. नवऱ्याने अजून हो म्हटलेलं नाही. पिशवी सध्या माझ्या कपाटात आहे.