उमराहला जाताना कोणाचा फोन चालू हवा?

श्रीरामपूर, संगमनेर, नगरहून उमराहला निघालेली कुटुंबे हल्ली हमखास विचारतात : रोमिंग पॅक इथूनच घ्यावा की तिकडचे सिम? आमचे म्हणणे, जीबी नंतर मोजा, आधी मुदत बघा. सफर पंधरा दिवसांची आणि पॅक दहा दिवसांचा, हे कामाचे नाही.

सौदीत सिमसाठी पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात, म्हणून ज्याचे त्याने काउंटरवर जावे. आपले सिम काढू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी त्याचे रोमिंग सुरू करा. तिकडचे सिम घेतलेत तर आपल्या सिमचा डेटा मात्र बंद ठेवा.

काटकसर नडते ती वेगळीकडे. मुलाच्या एकट्याच्या फोनवर डेटा आणि बाकी सगळे त्याच्या हॉटस्पॉटवर! हॉटेलच्या खोलीत हे भागते. मस्जिदे नबवीत बायकांची नमाजची जागा वेगळी. रियाजुल जन्नाहची वेळही वेगळी, ती नुसुक अॅपवर घ्यायची. जमात संपली की अम्मी एका दरवाजाने बाहेर, अब्बा दुसऱ्या. हॉटस्पॉट तिथवर पोहोचत नाही. पॅक लहान घ्या, पण प्रत्येकाचा घ्या. अम्मीच्या पर्समध्ये हॉटेलचे कार्डही असू द्या, बॅटरी कधीही उतरते.

व्हॉट्सअॅप कॉलवर तिथे बरीच वर्षे बंदी होती, त्यावर भिस्त नको. व्हॉइस मेसेज पाठवायला अम्मीला घरीच शिकवा. आणि गावाकडच्यांनो, रोमिंगवर आलेल्या फोनचेही पैसे लागतात. शिवाय नगरला सकाळचे सहा वाजतात तेव्हा मक्केत साडेतीनच झालेले असतात.