विश्लेषण : पारदर्शक पिनबॉल मशीनमधून विज्ञान कसे कळते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलमीडा शहरात पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे. तिथल्या एका मशीनची पेटी पारदर्शक आहे. त्यामुळे खेळताना आतल्या तारा, कॉइल आणि स्विच काम करताना दिसतात. हे मशीन खेळ आहे, कलाकृती आहे आणि भौतिकशास्त्राचा धडाही आहे.

पिनबॉल म्हणजे काय?

खिळे ठोकलेल्या पाटीवर गोळ्या सोडून तुम्ही बॅगाटेल खेळला असाल. पिनबॉलचा जन्म त्यातूनच झाला. 1947 मध्ये त्यात फ्लिपर आले, म्हणजे बटण दाबताच चेंडू वर फटकावणारे छोटे हात.

यात विज्ञान कुठे आहे?

खेळाची पाटी साधारण साडेसहा अंशांनी उतरती असते. त्यामुळे उताराच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम नववा हिस्सा लागू होतो आणि चेंडू नजरेच्या टप्प्यात राहतो. सुरुवातीला दाबलेल्या स्प्रिंगमधली ऊर्जा चेंडूला गती देते. बटण दाबले की कॉइलमधून वीज वाहते, ती चुंबक बनते, आतला लोखंडी दांडा खेचते आणि फ्लिपर उचलला जातो. बंपरवर आदळलेला चेंडू कधी कधी आला त्याहून वेगाने परततो. ही जास्तीची ऊर्जा येते विजेतून. पेटी पारदर्शक असल्याने ती देणारी कॉइल समोरच दिसते.

याच मशीनवर बंदी का होती?

पिनबॉल हा नशिबाचा खेळ, म्हणजे जुगार, असे मानून न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी 1942 मध्ये त्यावर बंदी आणली. जप्त केलेली मशीन हातोड्याने फोडली गेली. 1976 मध्ये रॉजर शार्प यांनी नगर परिषदेसमोर खेळून दाखवले. चेंडू कुठून जाईल हे त्यांनी आधी सांगितले आणि तो तिथूनच गेला. त्यानंतर बंदी उठली.

आज याचे महत्त्व काय?

ला गार्डियांच्या काळी पेटीच्या आत काय चालते हे खेळणाऱ्याला दिसत नव्हते. जिथे कारण दिसत नाही, तिथे नशीब किंवा जादू मानणे सोपे जाते. आज आपल्या हातातला मोबाइलही अशीच बंद पेटी आहे. मुले तो सराईतपणे चालवतात, पण तो कसा चालतो हे पाहण्याची सोय त्यात नाही. पुस्तकातले सूत्र पाठ होते. पण बटण दाबताच हलणारा दांडा दिसला, की ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते.