सूर्याभोवतीची पोकळी

राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेतल्यावर एक वृद्ध विधवा भगिनी मला म्हणाल्या, "फादर, माणूस मातीचा, हे समजले, परंतु घरात जी पोकळी उरली, तिचे काय?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही. घरी परतताना मात्र खगोलशास्त्रज्ञांनी वर्णिलेली एक निराळीच पोकळी आठवली.

आपला सूर्य सध्या ज्या प्रदेशातून प्रवास करीत आहे, तो जवळजवळ रिता आहे. सुमारे १००० प्रकाशवर्षे रुंदीच्या या प्रदेशास 'स्थानिक बुडबुडा' म्हणतात. त्यातील बहुतेक वायू अत्यंत विरळ व सुमारे दहा लाख अंश तापलेला आहे. ही पोकळी मरणाऱ्या ताऱ्यांनी केली. महाकाय ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा कोसळतो व बाहेरचे थर प्रचंड वेगाने उधळतात. त्या आघाताने भोवतालचा वायू दूर लोटला जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे स्फोट सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी सुरू झाले आणि एकामागून एक सुमारे १५ तारे फुटले. सूर्य तेव्हा या प्रदेशाबाहेर होता. तो सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी आत शिरला.

लोटलेला वायू नाहीसा झाला नाही. तो कडेला साठला, निवला, दाट झाला. आणि वृषभ व भुजंगधारी या तारकासमूहांच्या दिशेस, त्याच कवचावर, आज नवे तारे जन्मास येत आहेत. निकटच्या स्फोटांची राख तर पृथ्वीवरही पडली आहे. लोह-६० हे किरणोत्सारी लोह दर २६ लाख वर्षांनी निम्मे होते. पृथ्वीच्या जन्मावेळचे असते, तर केव्हाच संपले असते. तरीही १९९९ साली ते महासागराच्या तळावरील थरांत आढळले.

यावरून त्या भगिनींना, "रडू नका, पोकळीच्या कडेला नवजीवन उगवते," असे सांगणे सोपे आहे. मी ते सांगणार नाही. ताऱ्यामागे कोणी विधवा होत नाही; वायूला दुःख नसते. आपले सांत्वन पुनरुत्थित प्रभूवरील श्रद्धेत आहे, वायूच्या गणितात नव्हे. तथापि आकाशापासून एवढे शिकावे, की पोकळी म्हणजे परमेश्वराने टाकून दिलेली जागा नव्हे. आपण सारे अशाच एका पोकळीत राहतो, आणि तेथेच तो आपणांस सांभाळीत आला आहे.

या उपवासकाळात ज्यांच्या घरी एक जागा रिकामी आहे, त्यांच्याकडे अवश्य जा. उपदेश करू नका. घटकाभर शेजारी बसा. मीही आता त्या भगिनींकडे तेवढ्यासाठीच जाणार आहे.