विम्यातलं ‘डे केअर’ आणि घरातलं लेकरू

वाचकहो, पीक विम्यात पावसाचा खंड कशाला म्हणतात हे तुम्ही मला शिकवाल. पण आरोग्य विम्याच्या कागदावर ‘डे केअर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? बहुतेक जण म्हणतील, आजारी माणसाचा दिवसभर सांभाळ. तसं नाही. विम्याच्या भाषेत डे केअर म्हणजे चोवीस तासांच्या आत उरकणारा उपचार. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यात बसतं, सांभाळ बसत नाही.

गेल्या खरिपात सोयाबीनच्या शेतीशाळेला एक ताई नाव नोंदवून एकदाही आल्या नाहीत. घरी गेलो. सहा वर्षांचा मुलगा, नाकात नळी. दर तीन तासांनी नळीवाटे पातळ अन्न, मधेच झटके. ताई म्हणाल्या, “साहेब, याला कुणापाशी ठेवून येऊ? सासूबाईंना नळीला हात लावायची भीती वाटते.” मी काय बोलणार?

पोरगं दवाखान्यात दाखल होतं तोवर सरकारी योजनेतून खर्च भागला. घरी आलं आणि योजना संपली. खुरपणीचा रोज तीनशे धरा, हंगामात साठ दिवस काम धरा. अठरा हजार रुपये गेले. हे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत.

आता योजना काय आहेत ते पाहू. महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण भर दवाखान्यातल्या उपचारांवर. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी आहे. मर्यादा एक लाख. औषधं, थेरपी त्यात येतात; मात्र आधी खिशातून खर्च, मग बिलं. अंगणवाडीसाठी 2023 मध्ये दिव्यांग मुलांबाबत मार्गदर्शिका निघाली, हे चांगलंच झालं. पण नळी सांभाळायला नर्स लागते, ती अंगणवाडीत कुठून येणार?

हे कुठंच होत नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अशा मुलांसाठी नर्स असलेली दिवसभराची केंद्रं आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेड ही सरकारी योजना दिवसाला बारा तासांपर्यंतचा खर्च उचलते. तिथं हा सांभाळ उपचारातच धरला आहे.

आपल्याकडं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, दोन गोष्टी लिहिल्या आहेत. ज्यांना फार आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता आणि ज्यांना दुसरं कवच नाही त्यांच्यासाठी सर्वंकष विमा. पण सुरुवातीलाच अट आहे, ‘सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. गाडं अडतं ते इथंच.

कुणी म्हणेल, सक्ती केली तर हप्ता वाढेल. थोडा वाढेलही. पण अशी लेकरं गावात एखाद-दुसरी असतात. ओझं सगळ्यांत वाटून घेणं यालाच तर विमा म्हणतात. दुसरा आक्षेप असा की खेड्यात केंद्रंच नाहीत, मग पैसे देणार कुणाला? हा आक्षेप खरा आहे. मंडळात पर्जन्यमापक नसला की पीक विम्याचं काय होतं ते आपण जाणतो. पण दूध डेअरीही आठवा. रोजच्या दुधाचे पैसे मिळायची खात्री झाली तेव्हाच दारात गाई वाढल्या. पैशाची खात्री असेल तर तालुक्याला एक केंद्र उभं राहू शकतं. ग्रामीण रुग्णालयाची एखादी खोली आणि प्रशिक्षित नर्स, एवढ्यावर सुरुवात होईल. त्यासाठी विम्याच्या यादीत ‘दिवसाचा वैद्यकीय सांभाळ’ हे नाव आधी चढलं पाहिजे.

तोवर आपल्या हातात काय आहे? मुलाचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या. जिल्हा रुग्णालयात बालकांच्या लवकर निदान व उपचाराचं केंद्र कुठं आहे, ते आशाताईंना विचारा. ‘निरामय’मध्ये बसत असाल तर नाव नोंदवा. आणि येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.

पिकाचा पंचनामा करायला आम्ही बांधावर येतो. त्या माउलीच्या बुडालेल्या हंगामाचा पंचनामा कुणी करायचा?