हवेचा इलाज

देवळालीच्या कोरड्या हवेची ख्याती ऐकून पारशी आणि गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे प्रकृती सुधारण्यासाठी येत राहिली आणि देवळाली कॅम्पातील आरोग्यभवने त्या श्रद्धेवरच उभी राहिली; परंतु जेथे हवा हाच अक्षरशः इलाज ठरतो असा एक बालरोग आहे, याची वार्ता येथील घरांपर्यंत क्वचितच पोहोचलेली दिसते.

पाच ते नऊ महिन्यांचे बाळसेदार मूल अकस्मात पाय पोटाशी घेऊन किंकाळ्या फोडते, काही मिनिटांनी निपचित पडते, पुन्हा तीच कळ येते, उलट्या होतात आणि पुढे रक्तमिश्रित शेम पडते. लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा, मोठ्या आतड्यात शिरलेला असतो आणि त्याचा रक्तपुरवठा तासागणिक आवळला जातो. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ मध्येच गुदद्वारावाटे पाण्याचा दाब देऊन असे आतडे मागे सारल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९४८ मध्ये रॅविच यांनी बेरियम आणि क्ष-किरणांच्या साह्याने या रीतीचा पुरस्कार केला. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मीठपाणी सोडतात, किंवा हवा भरतात, आणि तिचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरांपुढे जाऊ देत नाहीत. वेळेवर आणलेल्या पाचांपैकी सुमारे चार मुले सुरीवाचून बरी होतात; दहांतील एखाद्याचे आतडे पुन्हा शिरते, म्हणून त्यानंतरही देखरेख लागते. आतडे फुटले असेल, पोटात दाह पसरला असेल वा मूल धक्क्यात गेले असेल, तर मात्र या उपायास मुभा नाही, आणि एरवीही शल्यचिकित्सक सज्ज हवाच.

आपल्याकडे कसूर घडते ती या उपायाच्या आधी. दात येत असतील, नजर लागली असेल, म्हणून गुटी उगाळली जाते. रक्त दिसताच आव पडली असे ठरवून पातळ औषधाची बाटली आणली जाते, आणि ज्या अवधीत हवेने काम भागले असते तो निघून जातो. यात एकट्या आजीबाईंना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण आवेचा शिक्का पुष्कळदा पदवीधराच्या हातूनच बसतो. सोनोग्राफीचे यंत्र आता दुर्मीळ नाही. मध्यरात्री ते चालवून आतडे सोडवणारा हात दुर्मीळ आहे. तेव्हा कॅम्पातील दवाखान्यांनी, सरकारी असोत वा खासगी, नाशकात बालशल्यचिकित्सक आणि सोनोग्राफीतज्ज्ञ रात्री एकत्र कोठे मिळतात याची चौकशी आगाऊ करून तो पत्ता भिंतीवर लावावा, आणि असे मूल आल्यास तोंडावाटे काही न देता, शिरेतून सलाइन सुरू करून, तेथे दूरध्वनीने वर्दी देऊनच ते रवाना करावे.