पंचनामा मेल्यावरच का?

थेट मुद्द्यावर येतो. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी माहितीचं चक्र कसं फिरतं, बघितलंय कधी? पोलीस पंचनामा करतात. शवविच्छेदनाचा अहवाल येतो. तलाठी सातबारा काढतो. बँकेकडून थकबाकीचा दाखला येतो, सावकाराचं देणं होतं का याची चौकशी होते. मग हे सगळं तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं आणि समिती ठरवते: पात्र की अपात्र. पात्र असेल तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे वारसांना एक लाख रुपयांची मदत. म्हणजे पोलीस, महसूल, आरोग्य आणि बँक, चौघेही एका माणसाच्या एका फाईलीत एकत्र येतात.

माझा प्रश्न साधा आहे. तो माणूस जिवंत असताना त्याची अशी एकही फाईल का नसते?

उदाहरणासाठी कनेरगाव नाका घेऊ. नकाशात बघा, हिंगोली-वाशिम रस्त्यावर, मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो तिथे. एकेकाळी या बाजूला निजामाचं राज्य होतं आणि त्या बाजूला इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. निजाम गेला, इंग्रज गेले, पण नाका काही गेला नाही. आज या बाजूला हिंगोली जिल्हा (१९९९ साली परभणीतून निघालेला), त्या बाजूला वाशिम जिल्हा (१९९८ साली अकोल्यातून निघालेला). इकडचा महसूल विभाग छत्रपती संभाजीनगर, तिकडचा अमरावती. माणसं मात्र हे काही बघत नाहीत हो. जी एसटी आधी येईल तिच्यात बसून हिंगोलीला नाहीतर वाशिमला जातात. बाजाराला, सोयरिकीला आणि दवाखान्यालासुद्धा.

आता एक काल्पनिक माणूस घ्या. पस्तिशीचा, चार एकर सोयाबीनवाला. महिनोन्‌महिने झोप नाही, कुणाशी बोलणं नाही. घरच्यांनी आधी देवऋषी केला. मग एक दिवस त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, पण वाचला. जवळ म्हणून वाशिमला नेलं. आठ दिवसांनी हातात केसपेपर आणि गोळ्या देऊन घरी सोडलं, पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितलं.

सांगा आता, कुणाला काय माहीत आहे?

वाशिमच्या डॉक्टरांना माहीत आहे की याने प्रयत्न केला होता. हिंगोलीच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला तो माणूसच माहीत नाही. गावातल्या आशाताईंना 'पोटात दुखत होतं म्हणून नेलं होतं' एवढंच कळलंय, कारण घरच्यांनी तेच सांगितलं. बायकोला माहीत आहे की गोळ्या चौथ्या दिवशीच बंद झाल्या, पण हे सांगायचं कुणाला ते तिला माहीत नाही. भावाला माहीत आहे की फवारणीचं औषध अजून घरातच पडलंय. आणि बँकेला हे काहीच माहीत नसल्यामुळे वसुलीची नोटीस नेमकी त्याच आठवड्यात येते.

माहिती सगळी आहे, पण पाच जणांकडे पाच तुकडे आहेत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पाच सिस्टीम, पाच डेटाबेस, कॉमन आयडी नाही आणि मुख्य म्हणजे ऑन-कॉल कुणीच नाही. बँकेचं एटीएम बंद पडलं तर रात्री दोन वाजता कुणाचा फोन वाजणार हे लिहून ठेवलेलं असतं. हा माणूस पंधराव्या दिवशी आला नाही तर कुणाचा फोन वाजतो?

'रिस्क' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातात कोयता घेतलेला वेडा येतो. सिनेमाची कृपा! प्रत्यक्षात मानसिक आजार असलेल्या बहुतेकांपासून इतरांना काहीच धोका नसतो, धोका असतो तो त्यांच्या स्वतःच्या जिवाला. औषध सुटणं, खाणंपिणं सुटणं, घरात कोंडून ठेवलं जाणं आणि शेवटी जीव देणं. २०२२ साली महाराष्ट्रात आत्महत्येने २२,७४६ माणसं गेली, देशात सर्वाधिक. ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी. बघा, मेल्यावरची नोंद इथेही चोख आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये. २०१५ मध्ये राज्याने प्रेरणा प्रकल्प आणला, मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या मिळून १४ जिल्ह्यांसाठी. हिंगोली आणि वाशिम दोन्ही त्यात होते. आशाताईंनी प्रश्नावली घेऊन घरोघरी जायचं, ताणाखालची माणसं ओळखायची, पुढे पाठवायची. कल्पना उत्तम. पण ओळखणं ही पहिली पायरी झाली. प्रश्नावली भरून 'तीव्र' असा शिक्का मारला म्हणजे रिस्क मॅनेज झाली असं समजणं म्हणजे गाडीचं इंजिन तापल्याचा लाल दिवा बघून समाधानाने पुढे गाडी हाणण्यासारखं आहे. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच सांगितलंय की पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला असे स्कोअर आणि हाय-लो शिक्के वापरू नका. शिक्का चुकतो. 'लो' म्हणून घरी पाठवलेला माणूसही जातो.

मग चालतं काय? परत जाऊन विचारणं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आपलं चेन्नईही त्यात होतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली १,८६७ माणसं घेतली. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय तासाभराची समजावणी आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा संपर्क, फोनने नाहीतर घरी जाऊन. पहिल्या गटातले २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले, दुसऱ्यातले ०.२ टक्के. एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये, मान्य. पण ना नवं औषध ना महागडं मशीन, नुसतं 'कसं चाललंय?' विचारायला नऊ वेळा कुणीतरी येणं. ब्रिटनमध्ये तर मनोरुग्णालयातून सुटल्यावर ७२ तासांच्या आत रुग्णाला गाठायचं असा दंडक आहे, कारण सुटकेनंतरचे पहिले काही दिवसच सगळ्यात नाजूक असतात हे तिथल्या मृत्यूंच्या अभ्यासातून दिसलं. आणि आपण म्हणतो, पंधरा दिवसांनी या!

लांब कशाला जायचं, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या माणसांना शिकवून घराजवळ मदत दिली, तर नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे 'आपली माणसं डॉक्टरकडे जातच नाहीत' हे खरं नाही. जवळ कुणी असेल तर जातात.

आणि 'हे आपल्याकडे जमणार नाही' हेही मला कुणी सांगू नये. आपल्याकडे हे जमलेलं आहे! टीबीच्या पेशंटसाठी २०१२ पासून 'निक्षय' आहे. पेशंटची एकदा नोंद झाली की तो हिंगोलीतून पुण्याला कामाला गेला तरी नोंद तिकडे ट्रान्सफर करता येते. औषध सुटलं तर कुणीतरी विचारायला येतं. गरोदर बाईची प्रत्येक तपासणी आशाताईंच्या वहीत असते. म्हणजे खातं तेच, आशाताई त्याच, मोबाईलही तोच. शेजारच्या कर्नाटकाने मानसिक आरोग्यासाठी 'ई-मानस' नावाची राज्यभराची नोंदणी उभी केलीच ना?

इथे कुणीतरी हात वर करणारच: "आणि प्रायव्हसी?" बरोबर आहे, आणि हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. आशाताई त्याच गावच्या. 'अमक्याला मेंटलचं औषध चालू आहे' हे गावात फुटलं तर बहिणीचं लग्न मोडतं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून सगळी माहिती सगळ्यांना द्या असं मी म्हणतच नाही. ज्याला जे काम करायचंय त्याला तेवढीच माहिती. आशाताईंना आजाराचं नाव कशाला हवं? त्यांना हवंय एवढंच: या घरी सोमवारी जा, जेवण-झोप-गोळ्या विचारा, उत्तर बरं वाटलं नाही तर या नंबरवर फोन करा. कायदाही आडवा येत नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, आणि तेच कलम उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला, तसंच जिवाला धोका असेल तर तो टाळण्यासाठी, आवश्यक तेवढी माहिती द्यायची मुभाही देतं. कलम ९८ त्याच्याही पुढे जातं: रुग्णाला सोडताना त्याच्याशी, घरच्यांशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पुढची योजना ठरवायची आहे. म्हणजे हँडओव्हर हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे. 'प्रायव्हसी' हे कारण पुष्कळदा रुग्णाला वाचवण्यासाठी नसतं, फोन न करण्यासाठी असतं.

मग करायचं काय? माझी यादी छोटी आहे.

एक. फोन झाल्याशिवाय डिस्चार्ज नाही. केसपेपरवर पुढच्या जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर. 'सिव्हिलला दाखवा' हे नाव नव्हे.

दोन. पहिली भेट तीन दिवसांत. घरातलं फवारणीचं औषध तिसऱ्याच्या ताब्यात गेलं का, हा त्या भेटीतला पहिला प्रश्न.

तीन. नोंद माणसाच्या गावाच्या मागे जाईल, दवाखान्याच्या जिल्ह्याच्या मागे नाही. हिंगोली आणि वाशिमच्या टीमनी आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर सीमेवरच्या गावांची यादी जुळवायची. याला सॉफ्टवेअरसुद्धा लागत नाही (हे मी सॉफ्टवेअरवाला सांगतोय!).

चार. ओपीडीत किती आले हा आकडा वर पाठवणं पुरे झालं. तारखेला किती आले नाहीत, तो आकडा पाठवा. जिल्हा कार्यक्रमाच्या मंजूर टीममध्ये केस रजिस्ट्रीसाठी स्वतंत्र पद आहे, ते याच कामासाठी वापरा.

पाच. आशाताईंना या भेटींचा वेगळा मोबदला. फुकटात आणखी एक वही त्यांच्या गळ्यात मारायची नाही.

"पुण्यात एसीत बसून तुला काय जातंय बोलायला?" हेही ऐकून घेतो. पण यातल्या एकाही गोष्टीला नवं हॉस्पिटल लागत नाही. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, मराठवाड्यात एकही नाही. तो अन्याय आहेच, त्यासाठी वेगळं भांडू. पण इमारत होईपर्यंत फोन करायला कुणी अडवलेलं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि मोफत. घरात कुणाची गरज असेल तर आत्ता लावा. पण तिथे फोन त्रासातल्या माणसाने करायचा असतो, आणि मी ज्याच्याबद्दल बोलतोय त्याने बोलणंच सोडलेलं आहे. त्याला फोन व्यवस्थेने करायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रामसभेत किंवा जिल्हा परिषदेच्या सदस्यापुढे तोंड उघडायची संधी मिळाली, तर रस्ता आणि गटारीनंतर एवढं विचारा: गेल्या महिन्यात मानसिक आजाराच्या औषधाला तारखेवर न आलेले किती, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी कुणी जाऊन आलं? आकडा नाही म्हणाले, तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.